आहार, आतडे आणि मुलांची रोगप्रतिकारशक्ती
(इयत्ता ४ थी ते ७ वीच्या वर्गांस आरोग्य व परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

पावसाळा लागला की डोंगराळ भागातील शाळेची हजेरी उतरते, हे महाड व पोलादपूर तालुक्यांतील शिक्षकांस सांगावयास नको. ओढ्यांना पाणी येते, पायवाटा निसरड्या होतात, लावणीच्या दिवसांत घरात हात अपुरे पडतात. ही कारणे उघड दिसतात. पण हजेरीपटाच्या मागे आणखी एक कारण पुष्कळदा दडलेले असते व ते पोटाचे असते. एखादे मूल जुलाबाने दोन-चार दिवस घरी राहते, बरे होऊन शाळेत येते, पुढच्याच पंधरवड्यात सर्दी-तापाने पुन्हा अंथरूण धरते, आणि दिवाळीच्या सुमारास वजन करून पाहावे तर ते जूनमध्ये होते तेवढेच भरते. घरची माणसे म्हणतात, “पोराच्या अंगात ताकदच नाही.” मग ताकदीच्या औषधासाठी तालुक्याच्या गावी हेलपाटा होतो, आणि मजुरीचे पैसे बाटलीवर खर्ची पडतात.

अशा मुलाच्या अंगातील ताकद कोठे खचत असते, ती कशी सावरता येते, आणि त्या कामी प्राथमिक शिक्षकाच्या हाती नेमके काय आहे, ह्याचा विचार ह्या पाठात केला आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्यातील मुख्य गोष्टी भाकरी, ताक, पाणी आणि हात धुणे ह्या रोजच्या व्यवहारातीलच आहेत.

१. आतड्याचा तट

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्याची आतील बाजू सपाट नसते. तिला घड्या असतात आणि त्या घड्यांवर मखमलीच्या लवीप्रमाणे असंख्य बारीक उंचवटे असतात. हा सर्व पृष्ठभाग उलगडून पसरता आला, तर तो सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एका बेताच्या वर्गखोलीएवढा भरेल. ह्या एवढ्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. अन्नरस आत घ्यावयाचा आणि रोगजंतू बाहेर थोपवावयाचे, अशी परस्परविरुद्ध वाटणारी दोन कामे ह्या एका थरास करावी लागतात. तो थर सतत झिजत असतो. तीन ते पाच दिवसांत जुन्या पेशी गळून त्यांच्या जागी नव्या येतात. नव्या पेशी घडण्यास लागणारी सामग्री अर्थातच रोजच्या अन्नातून यावयाची असते.

हे मुलांस समजावून सांगण्यास महाड तालुक्यात दाखला शोधावा लागत नाही. रायगडाचा तट आणि महादरवाजा बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. दरवाजातून धान्य, मीठ, दूध आत जावे. शत्रू मात्र जाऊ नये. त्यासाठी नुसती भिंत पुरत नाही, पहारा लागतो. आतड्याच्या भिंतीलगतही असा पहारा असतो. तेथे संरक्षक पेशींचे पुंजके असतात. स्वित्झर्लंडमधील योहान कोनराड पायर ह्या शरीरशास्त्रज्ञाने १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांस पायरचे पुंजके म्हणतात. आतड्यात येणाऱ्या जंतूंचा नमुना ह्या पेशी तपासतात, घातक कोणता व निरुपद्रवी कोणता हे ओळखावयास शिकतात, आणि जंतूंस चिकटून त्यांना भिंतीपाशी येऊ न देणारी प्रतिद्रव्ये तयार होण्यास चालना देतात. शरीरातील संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या परिसरातच वसलेला आहे. तेथे तयार झालेल्या पेशी रक्तावाटे इतर अवयवांकडेही जातात. म्हणून पोटाचे आरोग्य हा केवळ पचनाचा प्रश्न नाही. खोकला-तापाशी झगडण्याची शरीराची तयारीही काही अंशी तेथेच होत असते.

हिरकणीची आख्यायिका मुलांना ठाऊक असते. ज्या कड्यावरून ती रात्री उतरून गेली, ती जागा पहाऱ्यातून सुटली होती, आणि ते कळल्यावर तेथे बुरूज बांधला गेला असे सांगतात. तटाला एखादी जागा मोकळी राहिली तर ती वेळीच बांधून काढावी लागते, हा त्या कथेतील भाग ह्या पाठास नेमका लागू पडतो.

२. तट खचतो कसा

कुपोषण आणि रोगसंसर्ग ह्या दोन गोष्टी एकमेकींस खतपाणी घालतात. अन्न अपुरे वा एकांगी असले की आतड्याची झीज भरून येत नाही आणि पहारा दुबळा होतो. पहारा दुबळा झाला की जुलाब होतात. जुलाबात खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, भूक मंदावते, ताप असेल तर शरीरातील साठाही जळतो. म्हणजे कुपोषण आणखी वाढते. नेव्हिन स्क्रिमशॉ व त्यांचे सहकारी टेलर आणि गॉर्डन ह्यांनी ह्या विषयावर लिहिलेला ग्रंथ जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर हे दुष्टचक्र आरोग्यशास्त्रात सर्वमान्य झाले.

भारतात ह्या दिशेने काम त्याहूनही आधी झाले होते. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन ह्या वैद्यकीय अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास माकडांवर प्रयोग केले. जीवनसत्त्वे नष्ट झालेल्या, सडलेल्या तांदळासारख्या निकस अन्नावर ठेवलेल्या माकडांची आतडी पातळ व क्षीण होत आणि त्यांना जुलाब व हगवण लागे; चांगल्या अन्नावरची माकडे मात्र निरोगी राहत. त्याच प्रयोगशाळेतून पुढे पोषणविषयक संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. ती १९५८ साली हैदराबादेस हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था ह्या नावाने ओळखली जाते.

अस्वच्छ परिसरात वाढणाऱ्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. मुलास उघड जुलाब नसले, तरी पाण्यातून, मातीतून, हातांवरून घाण सतत पोटात जात राहिल्याने आतड्याची भिंत सुजलेली राहते. तिच्यावरील लव आखूड होते आणि अन्नरस नीट शोषला जात नाही. असे मूल जेवते, पण वाढत नाही. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुजी आढळली. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

पोटाच्या अवस्थेचा परिणाम तोंडावाटे द्यावयाच्या लसींवरही होतो. वेल्लोर येथील डॉ. टी. जेकब जॉन ह्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, पोलिओच्या थेंबांच्या ज्या तीन मात्रा पाश्चात्त्य देशांत पुरत, त्या भारतीय मुलांस पुरत नाहीत. आतड्यातील इतर जंतूंची गर्दी हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणून भारतात जादा मात्रा द्याव्या लागल्या. त्या चिकाटीने दिल्या गेल्यामुळेच जानेवारी २०११ नंतर देशात वन्य विषाणूच्या पोलिओचा रुग्ण आढळला नाही.

३. पोटातील उपकारक वस्ती

सगळे सूक्ष्मजंतू शत्रू नसतात, हे मुलांस अवश्य सांगावे. माणसाच्या शरीरात जेवढ्या स्वतःच्या पेशी असतात, साधारण तेवढेच सूक्ष्मजंतू त्याच्या अंगावर व अंगात वस्ती करून असतात, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. माणसास न पचणारा चोथा हे त्यांचे अन्न. नाचणीचे टरफल, कडधान्याची साल, पालेभाजीचे तंतू तेथवर पोहोचले की हे जंतू ते आंबवितात. त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतील पेशी ह्या आम्लांवर पोसल्या जातात आणि संरक्षक पेशींनाही त्यांच्यामुळे लगाम राहतो, म्हणजे क्षुल्लक कारणाने सूज येत नाही. शिवाय उपकारक जंतूंनी जागा व्यापलेली असली की घातक जंतूंस थारा मिळत नाही. शेतात पीक दाट असले की तणास वाव राहत नाही, तसाच हा प्रकार आहे.

रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ ह्यांनी पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखविले व त्याबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख ह्यांच्यासह मिळाले. आंबलेल्या दुधातील जंतू आतड्यास हितकर असावेत, असा विचारही त्यांनी मांडला. दही खाल्ल्याने आयुष्य वाढते ही त्यांची आशा सिद्ध झाली नाही, परंतु आतड्यातील वस्तीकडे जगाचे लक्ष त्यांनी वेधले. त्यांचे शिष्य वॉल्डेमार हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगच्या साथीत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने चालते.

प्रतिजैविक औषधे रोगजंतूंबरोबर ही उपकारक वस्तीही मारतात. आवश्यक तेव्हा ती घेतलीच पाहिजेत. पण साध्या सर्दीसाठी वा प्रत्येक जुलाबासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणून मुलांस देणे अपायकारक आहे.

४. ह्या तालुक्यांतील अन्न

सावित्री, काळ व गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत भातशेती होते, आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकते. पूर्वी घरोघर नाचणीची भाकरी, पेज आणि आंबील असे. पुढे तांदूळ सहज मिळू लागला, उतारावरची शेती कष्टाची म्हणून मागे पडली, आणि नाचणी हे गरिबाचे अन्न अशी समजूत रुजली. पाहुणा आला की काळी भाकरी झाकून ठेवावी, अशी लाज मुलांच्या मनातही उतरते. शिक्षकाने ही लाज घालविणे, हे आहारशिक्षणातील पहिले काम होय. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, ते भारताच्याच पुढाकाराने.

आकडे पाहिले म्हणजे नाचणीची योग्यता कळते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. चोथ्याचे प्रमाण नाचणीत सुमारे ११ ग्रॅम, तर सडलेल्या तांदळात ३ ग्रॅमच्या आसपास असते. तांदूळ टाकाऊ आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. नुसता भात आणि पातळ आमटी एवढ्यावर मुलाचे भागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

नाचणीतील लोह व इतर खनिजे एका आम्लाशी बांधलेली असतात आणि ती तशी सहज शोषली जात नाहीत. धान्य भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबविले म्हणजे हे बंधन सैल होते. घरातील वडील बायका नाचणीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवीत व सकाळी त्याची आंबील शिजवीत, त्यामागे हेच शास्त्र होते. शिजविल्यावर आंबिलीतील जंतू मरतात, पण खनिजांचा लाभ टिकतो. जिवंत उपकारक जंतू हवे असतील तर त्यासाठी ताजे, न तापविलेले ताक घ्यावे.

आहारात खालील गोष्टी रोज थोड्या-थोड्या असाव्यात :

(अ) धान्य — भाताच्या जोडीस नाचणी वा वरी.

(आ) कडधान्ये — वाल, कुळीथ, चवळी, मटकी, तूर. शक्य तेव्हा मोड आणून. प्रतिद्रव्ये ही प्रथिनेच असल्यामुळे प्रथिनांवाचून पहारेकरी घडत नाहीत.

(इ) भाज्या — शेवग्याचा पाला, अळू, तांबडा भोपळा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली. हिरव्या पाल्यातून व पिवळ्या-तांबड्या फळभाज्यांतून ‘अ’ जीवनसत्त्व मिळते. आतड्याचे अस्तर शाबूत राखण्यास ते फार आवश्यक आहे. रानभाज्या जाणत्या माणसाने ओळखून आणलेल्या व नीट शिजविलेल्या असाव्यात.

(ई) आंबट फळे — आवळा, लिंबू, पेरू, करवंद. ह्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास मात्र लोह वाया जाते.

(उ) दूध, ताक, अंडी, किंवा सुकट-जवळा. बाजाराच्या दिवशी आणलेला मूठभर जवळाही मुलाच्या भाकरीस पौष्टिक करतो. त्यात प्रथिने, कॅल्शियम आणि जस्त असते.

ह्याच्या उलट, पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतील कुरकुरीत पदार्थांत मीठ, तेल व मैदा वा पीठ ह्यांपलीकडे फारसे काही नसते. ते खाल्ल्याने भूक मोडते आणि पानातील भाजी तशीच राहते. मधल्या सुट्टीत शाळेबाहेरच्या दुकानात काय विकले जाते, ह्याकडे शाळेचे लक्ष असावे.

१९९५ साली सुरू झालेल्या आणि २०२१ पासून पंतप्रधान पोषणशक्ती निर्माण ह्या नावाने चालणाऱ्या शालेय आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी ठरविली आहे. सहावी ते आठवीसाठी ही मापे अनुक्रमे १५०, ३० व ७५ ग्रॅम आहेत. ह्यांतील भाजीचे माप पाळणे सर्वांत कठीण जाते व सर्वांत महत्त्वाचेही तेच आहे. शाळेच्या आवारात शेवग्याची दोन झाडे, एक लिंबू, आणि हात धुण्याच्या पाण्यावर अळूचा वाफा केल्यास ती उणीव बरीच भरून निघते.

५. पाण्याचा प्रश्न

आहार कितीही चांगला असला तरी पाणी दूषित असेल तर सारे व्यर्थ होते. ह्या दोन तालुक्यांत पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, आणि त्याच भागातील कित्येक वाड्यांस एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात पाणी थोडे म्हणून हात धुतले जात नाहीत. पावसाळ्यात पाणी पुष्कळ, पण उतारावरची घाण वाहून झऱ्यात व विहिरीत उतरते. जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि २२ जुलैस तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. अशा आपत्तीनंतर पिण्याचे पाणी शुद्ध करणे हे अन्न पोहोचविण्याइतकेच निकडीचे ठरते.

पाणी हा केवळ स्वच्छतेचा नव्हे, तर न्यायाचाही प्रश्न आहे, हे महाडने साऱ्या देशाला शिकविले. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले; परंतु प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्या लोकांस तेथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. पुढे खटला चालला व १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या तालुक्यात हे घडले, तेथील प्रत्येक शाळेत पाण्याचे भांडे एक, ओगराळे एक आणि पंगत एक असली पाहिजे. कातकरी वाडीवरचे मूल असो वा गावठाणातले, एकाचे पोट दूषित पाण्याने बिघडले की त्याचे जंतू दुसऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचतातच. रोगजंतू जात ओळखत नाहीत.

शाळेत पाणी उकळून किंवा क्लोरीनची द्रावण वा गोळी योग्य प्रमाणात घालून, झाकून ठेवावे. लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. भांडे रोज घासावे. गावच्या विहिरीत टी.सी.एल. पावडर वेळेवर पडते की नाही, ह्याची चौकशी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे करावी.

६. जुलाब आणि जंत

जुलाब लागले की पाणी व जेवण बंद करावे, ही समजूत घातक आहे. मूल दगावते ते अंगातील पाणी व क्षार कमी झाल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाचे द्रावण तोंडावाटे देऊन असंख्य रुग्ण वाचविले. आज तेच द्रावण आरोग्य उपकेंद्रात पुडीच्या रूपाने मिळते. एक मोठी पुडी १ लिटर शुद्ध पाण्यात विरघळवावी. पुडी नसल्यास १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. जोडीस पेज, मऊ भात, ताक चालू ठेवावे. शौचात रक्त असल्यास, मूल सुस्त पडल्यास, लघवी कमी झाल्यास किंवा पाणीही पोटात ठरत नसल्यास विलंब न करता आरोग्य केंद्रात न्यावे.

गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूतही सर्वत्र आढळते. जंत गुळातून येत नाहीत. ते मातीतून येतात. उघड्यावरील शौचातील अंडी मातीत मिसळतात व न धुतलेल्या हातांवाटे पोटात जातात. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यास चिकटून रक्त पितात. त्यामुळे मूल फिके पडते, दमते, वर्गात पेंगते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांस अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. शाळेत ती शिक्षकांसमक्ष चावून खाण्याची पद्धत आहे. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास गोळी देऊ नये. गैरहजर व आजारी मुलांची यादी करून त्यांना नंतर ती मिळेल असे पाहावे. कामासाठी कुटुंबासह वीटभट्टीवर गेलेली मुले परत आली म्हणजे त्यांची चौकशी प्रथम करावी; कारण ह्या सोयी त्यांच्याच वाट्यास सर्वांत कमी येतात.

७. वर्गातील पाठाची मांडणी

पहिली तासिका — रायगडाच्या तटाचे चित्र फळ्यावर काढावे. दरवाजा, पहारेकरी, आत येणारे धान्य आणि बाहेरचा शत्रू दाखवावा. नंतर त्याच्या शेजारी आतड्याचे साधे चित्र काढून मुलांकडूनच साम्य काढून घ्यावे.

दुसरी तासिका — तीन वाट्या घ्याव्यात. पहिलीत कोमट दूध व विरजण, दुसरीत विरजणाशिवाय कोमट दूध, तिसरीत उकळते दूध व त्यातच विरजण घालून झाकून ठेवावे. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाटीत चांगले दही लागलेले दिसेल. दुसरीत तसे दही नसेल. तिसरीत ते बहुधा लागणार नाही. ह्यावरून उपकारक जंतू असतात, ते काम करतात व उष्णतेने मरतात, ह्या तिन्ही गोष्टी मुलांस स्वतः दिसतात. पाणी का उकळावे, ह्याचे उत्तरही त्यातच आहे. दुसऱ्या व तिसऱ्या वाटीतील दूध कोणासही चाखू देऊ नये.

तिसरी तासिका — मटकी व नाचणी ओल्या फडक्यात बांधून मोड आणावेत. प्रत्येक मुलाने आठवडाभर काय खाल्ले ते धान्य, कडधान्य, भाजी, फळ, दूध-अंडे-मासळी अशा पाच रकान्यांत लिहावे. ही वही कोणाची गरिबी उघडी पाडण्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवावे. ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. ज्या मुलाच्या वहीत रकाने रिकामे राहतात, त्याच्या पानात शाळेची भाजी व उसळ थोडी अधिक पडेल, एवढे पाहावे.

ह्याखेरीज हजेरीपटाच्या जोडीस एक साधी वही ठेवावी. मूल गैरहजर राहिल्यास जुलाब, पोटदुखी, ताप, खोकला, घरकाम, स्थलांतर ह्यांपैकी कारण लिहावे आणि वर्षातून तीनदा वजन व उंची नोंदवावी. एकाच वाडीची तीन-चार मुले एका आठवड्यात जुलाबाने गैरहजर दिसली, तर त्या वाडीच्या पाणवठ्याविषयी आरोग्य सेविकेस त्याच दिवशी कळवावे. दवाखान्यात रोगी पोहोचण्याआधी साथीची चाहूल शाळेला लागू शकते. शिक्षकाच्या वहीचे मोल तेथे कळते.

८. मर्यादा ओळखून सांगावे

ह्या विषयावर सध्या पुष्कळ बोलले व विकले जाते. कोणतेही एक चूर्ण, काढा, बी किंवा फळ खाऊन प्रतिकारशक्ती एकाएकी वाढते, असे मुलांस वा पालकांस सांगू नये. चांगला आहार लसीची जागा घेत नाही. क्षय, हिवताप, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश ह्यांवर ताक-भाकरी हा उपाय नव्हे. तेथे आरोग्य केंद्रच गाठावयास हवे. वारंवार आजारी पडणाऱ्या, वजन घटणाऱ्या वा फिकट दिसणाऱ्या मुलाची तपासणी शालेय आरोग्य पथकाकडून करून घ्यावी. त्याचप्रमाणे, पालकांस आहाराचा उपदेश करताना त्यांची ऐपत पाहावी. ज्या घरात दूध नाही तेथे दुधाचे गुण सांगून उपयोग नाही. तेथे कुळीथ, शेवग्याचा पाला व जवळा ह्यांची गोष्ट करावी.

प्रतिकारशक्ती ही रोजच्या जेवणातून, स्वच्छ पाण्यातून व धुतलेल्या हातांतून हळूहळू बांधली जाते. तट एका दिवसात उभा राहत नाही. पण त्याचा दगड रोज बसवावा लागतो. शाळेचा पोषण आहार, पाण्याचे भांडे, जंताची गोळी आणि परसबाग ह्या चार गोष्टी शिक्षकाच्या हातातील आहेत. त्या नीट सांभाळल्या, तर पुढच्या आषाढात हजेरीपटावरील काही रिकाम्या चौकटी भरलेल्या दिसतील.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. आतड्याच्या भिंतीस कोणती दोन कामे करावी लागतात?
२. नाचणीच्या पिठाची आंबील करण्यापूर्वी ते ताकात का भिजवितात?
३. तिसऱ्या वाटीत दही का लागले नाही?
४. गूळ खाल्ल्याने जंत होतात का? जंत कोठून येतात?
५. घरी लहान भावंडास जुलाब लागले असता काय द्यावे व कोणत्या खुणा दिसताच आरोग्य केंद्रात न्यावे?
६. आपल्या वाडीचे पाणी कोठून येते? उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो? आजीला किंवा आजोबांना विचारून लिहा.